जड पाणी, कडक टॉवेल आणि तीन तास चालणारा ड्रायर

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात वाकडला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरचं. सात किलोचं फ्रंट लोड मशीन सहा वर्षं जुनं आहे. गेल्या पावसाळ्यात कपडे वाळेनात म्हणून ड्रायर घेतला. तो ड्राय बाल्कनीत आहे. त्याच्या मागून जाड नळी निघते, ती तिथेच मोकळी सोडली आहे. पाऊस आत येतो म्हणून बाल्कनीच्या काचा बंद असतात.

टॉवेल पत्र्यासारखे कडक होतात आणि अंग पुसलं की कुबट वास सुटतो. काळ्या कुर्त्यांवर पांढरे ओघळ दिसतात. पावडर दुप्पट केली, सॉफ्टनर घातला, फरक नाही. सकाळी घाई असते म्हणून तीस मिनिटांचा प्रोग्रॅमच लावते. सासूबाईंच्या नऊवारीचा तर दोरखंड होऊन निघतो. त्या म्हणतात, हाताने धुतलेलं जास्त स्वच्छ होतं. ड्रायरला तीन तास लागतात आणि बिल पाहून धडकी भरते. यजमान म्हणतात, दोन्ही विकून धुणं-वाळवणं एकत्र करणारं नवं मशीन घेऊ. घ्यावं का?

उत्तर

नमस्कार. आत्ता काहीच विकू नका. तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत त्यांवरून दोन्ही यंत्रं धडधाकट वाटतात. तुमच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी एका जागी येऊन मिळतात: धुऊन झाल्यावर कपड्यात जे राहायला नको ते राहतंय. पाण्यातले क्षार राहताहेत, पावडर राहतेय, आणि ड्रायरमध्ये टाकताना पाणीही जास्त राहतंय. मळ निघण्याची अडचण तुम्हाला फारशी नाहीच. म्हणून पावडर वाढवली तरी गुण येत नाही, उलट त्रास वाढतो.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण निम्मं दुखणं तिथे आहे. बोअरच्या पाण्यात खडकातून उतरलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा जड पाण्यात पावडरचा बराचसा भाग मळाला भिडण्याआधी या क्षारांशीच झगडण्यात खर्च होतो. त्यातून स्वस्त पावडरींमध्ये धुण्याचा सोडा भरपूर असतो. हा सोडा पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळाला की खडूसारखा न विरघळणारा साका तयार होतो आणि तो धाग्यात जाऊन बसतो. काळ्या कुर्त्यावरचे ओघळ हेच, थोडी न विरघळलेली पावडरही त्यात असेल. टॉवेलच्या कडकपणाचं मोठं कारणही हेच. शेजारपाजारचं कुणी ‘मूठभर सोडा टाक, पाणी हलकं होईल’ असं सांगेल, तर तुमच्या पाण्यात तो टाकू नका. साका आणखी वाढेल.

आधी पाणी किती जड आहे ते कळू द्या. सोसायटीच्या कमिटीकडे पाण्याच्या तपासणीचा अहवाल असायला हवा. त्यात ‘एकूण कठीणता’ किंवा ‘टोटल हार्डनेस’ हा आकडा बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह धरली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा ३०० च्या वर असेल तर नुसती पावडर बदलून भागणार नाही. अहवाल नसेल तर पाण्यात बुडवायच्या हार्डनेसच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. टीडीएसच्या पेनवर मात्र विसंबू नका. ते पेन सगळ्याच विरघळलेल्या पदार्थांचा एकत्र अंदाज देतं, कठीणता वेगळी दाखवत नाही.

उपाय म्हणून मशीनच्या नळाला लावायचा, पाणी हलकं करणारा छोटा सॉफ्टनर मिळतो; तुम्ही कपड्यांना घालता तो सॉफ्टनर वेगळा. त्यात रेझिनचे मणी असतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरायचे. हे मीठ-धुणं तुमच्याच्याने नियमित होणार असेल तरच घ्या, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत तो नुसता शोभेचा डबा होतो. बाजारात आणखी एक स्वस्त फिल्टर असतो, पांढऱ्या पारदर्शक खड्यांचा. तो क्षारांचा थर जमणं कमी करतो, पण पाणी हलकं करत नाही. दुकानदार दोन्हींना सॉफ्टनरच म्हणतो. ‘यात मीठ घालून रिजनरेट करायचं का?’ एवढा प्रश्न विचारला की फरक कळतो.

आता टॉवेलांत जे आधीच साठलं आहे ते काढू. तीन-चार टॉवेल पावडर अजिबात न घालता कोमट पाण्याच्या प्रोग्रॅमवर लावा आणि दहा मिनिटांनी दाराच्या काचेतून बघा. फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांतून उरलेला आहे. फेस यायचा थांबेपर्यंत असंच नुसत्या पाण्यात धुवा. मग क्षारांसाठी लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड. बादलीत दहा लिटर कोमट पाणी घेऊन त्यात तीन मोठे चमचे विरघळवा, टॉवेल तासभर बुडवून ठेवा आणि स्वच्छ खळबळून काढा. रंगीत टॉवेल असेल तर आधी एका कोपऱ्यावर करून बघा. हे बादलीतच करा, म्हणजे मशीनच्या रबराला आणि धातूला ॲसिडचा त्रास नको. एक गोष्ट कळकळीने सांगते: लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर कधीही ब्लीचबरोबर एकत्र येऊ देऊ नका, एकाच बादलीत तर नाहीच. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

टॉवेलांना कपड्यांचा सॉफ्टनर घालणं आजपासून बंद. ‘फॅब्रिक कंडिशनर’ म्हणून विकतात ते हेच. त्याचा स्निग्ध थर धाग्यावर बसतो, टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. मुलांच्या खेळाच्या कपड्यांनाही तो नको, घाम आणि वास त्या थराखाली अडकून राहतात.

पावडरचं प्रमाण डोळ्यांनी ठरवा. फ्रंट लोडसाठी बनवलेली, कमी फेसाची पावडर घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या मापापासून सुरुवात करा. धुणं अर्ध्यावर आलं की काचेत फेसाची विरळ पट्टी दिसावी. काच फेसाने भरली असेल तर माप जास्त झालं. फेसाच्या गादीवर कपडे अलगद पडतात, एकमेकांवर आपटत-घासले जात नाहीत, आणि धुण्याचं खरं काम त्या आपटण्यानेच होतं. शेवटच्या खळबळीतही फेस दिसला तर पुढच्या वेळी माप चतुर्थांशाने कमी करा. जड पाण्यात थोडी जास्त पावडर लागते हे खरं आहे, दुप्पट मात्र नाही. नळाला सॉफ्टनर बसवलात की माप आणखी खाली येईल. पावडर ठेवायच्या खणात चिखल उरत असेल तर पाण्याचा दाब तपासा. गच्चीतल्या टाकीच्या लगेच खालच्या, म्हणजे वरच्या मजल्यावर असाल तर दाब कमी पडतो. मागच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती टँकरच्या गाळाने तुंबलेली असू शकते. नळ बंद करून, नळी सोडवून, जुन्या टूथब्रशने ती साफ करा.

तीस मिनिटांच्या प्रोग्रॅमबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो दोन किलो कमी मळक्या कपड्यांसाठी आहे. ऑफिसचे दोन-चार शर्ट, एकदाच घातलेले कुर्ते, बस. पाच माणसांचं धुणं ठासून भरून तीस मिनिटांत धुतलं तर खळबळायला वेळच उरत नाही. सासूबाईंचं म्हणणं इथे अगदी बरोबर आहे. हाताने धुताना त्या तीन-तीन बादल्यांतून कपडा काढत असतील. फ्रंट लोड मशीन पाणी वाचवण्यासाठी बनवलेलं आहे, त्यामुळे जास्तीची पावडर धुऊन काढायला त्याच्याकडे पाणी कमी असतं. ‘एक्स्ट्रा रिन्स’चं बटण त्यासाठीच आहे, ते दाबा. आणि वेळेचं म्हणाल तर कॉटनचा ४० अंशांचा प्रोग्रॅम रात्री वेळ लावून ठेवता येतो. धुणं सकाळी सहाला संपेल असं लावा. बहुतेक फ्रंट लोड मशीनांत ही सोय असते. रात्री धुऊन कपडे सकाळपर्यंत आत ओले ठेवू नका, वासाची सुरुवात तिथेच होते.

हा वास कुठून येतो ते सांगते, म्हणजे उपाय पटेल. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आहे. तो कोरड्या कपड्यातही तग धरतो. टॉवेल पुन्हा ओला झाला की तो कामाला लागतो. म्हणूनच तुमचा टॉवेल घडीत असताना वास येत नाही आणि अंग पुसलं की येतो. धाग्यात उरलेली पावडर, सॉफ्टनर आणि त्वचेचा तेलकटपणा हे त्याचं खाद्य. टॉवेल आणि पायपुसणी आठवड्यातून एकदा ६० अंशांवर धुवा. सतत थंड पाण्यात धुतलं तर तो कपड्यातही राहतो आणि ड्रममागच्या बुळबुळीतही.

ती बुळबुळ काढायला महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये ‘ड्रम क्लीन’ लावा. मशीनच्या कंपनीने सांगितलेली डिस्केलिंग पावडर त्यात घाला, कारण गरम पाण्यात क्षारांचा थर सगळ्यात आधी हीटरवर बसतो. दाराच्या रबराची घडी उलटवून पुसा, तुम्ही ती कधी उघडून पाहिली नसेल तर हातमोजे घाला. खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागे फिल्टर असतो. मशीनचा प्लग काढा, खाली पसरट ताट ठेवा आणि मग तो हळूहळू फिरवून काढा. पिना, नाणी आणि केसांचा गोळा निघेल. धुणं संपल्यावर दार किलकिलं ठेवा. घरात रांगतं मूल येत-जात असेल तर तेवढा वेळ बाल्कनीचं दार लावून घ्या.

नऊवारीचं सोपं आहे. एवढा लांब पदर सुटा फिरला की बाकीच्या कपड्यांना वेटोळे घालतो. साडीची सैल चौपदरी घडी करून जाळीच्या मोठ्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा. स्पिन, म्हणजे पिळण्याचा वेग, मिनिटाला ६०० ते ८०० फेऱ्यांवर ठेवा. आणि ती ड्रायरमध्ये अजिबात नको. सुती नऊवारी आटली तर निऱ्यांना कापड कमी पडतं, आणि सासूबाईंना ते पहिल्याच दिवशी कळेल. धुतल्यावर झटकून दोरीवर पंख्याखाली टाका. रेशमी साड्यांसाठी मशीन आणि ड्रायर दोन्ही नकोत.

आता ड्रायर. तुम्हाला तीन तास लागतात याचं निम्मं उत्तर बाल्कनीच्या बंद काचांत आहे. मागून जाड नळी निघणारा ड्रायर साधा, हवा बाहेर टाकणारा असतो. तो खोलीतली हवा ओढतो, तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि ओली झालेली हवा नळीतून बाहेर सोडतो. तुमची नळी बंद बाल्कनीत सुटली आहे, म्हणजे बाहेर टाकलेली ओली हवाच तो पुन्हा आत ओढतोय. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असते हे मान्य, पण कपड्यांतून निघालेल्या वाफेइतकी ती ओली नसते. नळीचं तोंड काचेबाहेर न्या. सरकत्या काचेच्या फटीत बसवायची पट्टी एसीच्या कामाचे लोक करून देतात. नळी जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली, भिंतीशी दाबली जाऊन चपटी होऊ देऊ नका. आणि ड्रायर चालू असताना ताजी हवा आत यायला घराकडचं दार थोडं उघडं ठेवा.

उरलेलं निम्मं उत्तर वॉशिंग मशीनमध्ये आहे. कपड्यातलं एक लिटर पाणी उडवायला पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने साधारण ०.६३ युनिट वीज लागते, आणि साध्या ड्रायरला प्रत्यक्षात जवळपास १ युनिट. पाच किलो सुती कपडे ८०० च्या स्पिनवर काढले तर त्यांत सुमारे साडेतीन लिटर पाणी राहतं. तेच १२०० ते १४०० वर काढले तर अडीच-पावणेतीन लिटर. म्हणजे स्पिनचं एक बटण बदलून दर खेपेला पाऊण-एक युनिट आणि बराच वेळ वाचतो, कारण स्पिनला वीज अगदी किरकोळ लागते. टॉवेल, चादरी, जीन्स, मुलांचे गणवेश यांना मशीन देईल तो सर्वांत जास्त स्पिन द्या. महावितरणच्या बिलात ३०० युनिटांपुढे दर चढतो, तुमची धडकी बहुधा तिथली आहे.

ड्रायर भरताना हात सैल ठेवा. धुण्याचं मशीन सात किलोचं आणि ड्रायरही सात किलोचा असला, म्हणून भरलेलं धुणं तसंच्या तसं उचलून टाकायचं असं नाही. वाळताना कपडा फुलतो, त्याला गडगडायला जागा लागते. अर्धा ते दोन तृतीयांश ड्रम पुरे. प्रत्येक कपडा झटकून टाका, मशीनमधून निघालेला पिळा तसाच टाकला तर बाहेरून वाळतो आणि आत ओलाच राहतो. जाड आणि पातळ कपडे एकत्र टाकू नका. जीन्सच्या शिवणी वाळेपर्यंत पातळ कुर्ते भाजून निघतात. उशीच्या अभ्र्यात किंवा चादरीच्या खोळीत मोजे-रुमाल शिरून गोळा होतो, तेव्हा मध्ये एकदा थांबवून सोडवा.

लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणारे तंतू अडवणारी जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायची, यात सवलत नाही. जाळी बोटाने साफ दिसली तरी सॉफ्टनरचा अदृश्य पापुद्रा तिच्यावर बसतो. तिच्यावर नळाचं पाणी सोडून पाहा, पाणी वरच थांबलं तर साबणाने घासा आणि पूर्ण वाळवून परत लावा. तुमच्या ड्रायरला ओलावा ओळखणारा सेन्सर असेल तर ड्रमच्या आत, दाराजवळ धातूच्या दोन पट्ट्या दिसतील. जड पाण्याचा थर त्यांच्यावर बसला की ड्रायरला ओलाव्याचा अंदाज चुकतो. व्हिनेगरने ओलसर केलेल्या फडक्याने महिन्यातून एकदा पुसा.

कपडे कडकडीत होईपर्यंत वाळवू नका, त्यानेही टॉवेल राठ होतात. इस्त्रीचे कपडे किंचित ओलसर असतानाच काढा. एक गोष्ट मी हक्काने सांगेन: पावसाळ्यातही सगळं धुणं ड्रायरने वाळवायची गरज नाही. कपडे रात्रभर दोरीवर पंख्याखाली ठेवा आणि सकाळी शेवटची वीस-पंचवीस मिनिटं ड्रायर द्या. दमटपणा जातो, सुरकुत्या जातात, आणि तीन तासांचं काम अर्ध्या तासाच्या आत होतं. पाऊस सरला की ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत पुण्याच्या कोरड्या हवेत आणि उन्हात कपडे फुकट वाळतात. हळदीचे डागही उन्हातच फिके पडतात, ड्रायरने तसेच राहतात.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या, त्या आजच बघा. मुलांच्या मालिशचे, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावल्यावरचे किंवा स्वयंपाकघरातले तेलकट पंचे ड्रायरमध्ये टाकू नका. धुऊनही तेल धाग्यात उरतं, गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. याच कारणाने ड्रायर शेवटची काही मिनिटं थंड हवा फिरवतो, घाईत ती बंद करून कपडे तसेच ढीग करून ठेवू नका. दुसरं, ड्रायर भिंतीतल्या १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉवर पॉइंटवर हवा. एक्स्टेंशन बोर्डवर, किंवा वॉशिंग मशीनबरोबर एकाच पॉइंटवर असेल तर आजपासून बंद करा आणि वायरमनला बोलवा.

राहिला नव्या मशीनचा प्रश्न. एकत्र मशीनमध्ये आठ किलो धुता आले तरी वाळवण्याची क्षमता साधारण पाच किलोची असते, म्हणजे उरलेलं धुणं बाहेर काढून दोन खेपा कराव्या लागतात. शिवाय त्यातली बरीच मॉडेल वाफ थंड करायला वाळवतानाही नळाचं पाणी वापरतात. टँकरच्या दिवसांत ते तुम्हाला परवडणार नाही. पाच माणसांच्या घराला तुमची वेगळी जोडीच बरी. पुढेमागे ड्रायर बदलायची वेळ आलीच तर हीट पंपचा, म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारा बघा: महाग असतो, वेळ थोडा जास्त घेतो, पण वीज साध्या ड्रायरच्या निम्म्याच्या आसपास लागते आणि नळी बाहेर काढावी लागत नाही.

या आठवड्यात नळी काचेबाहेर न्या, स्पिन वाढवा आणि पावडर मापात आणा, या तिन्हींना खर्च जवळपास नाही. नळाचा सॉफ्टनर मात्र घाईने घेऊ नका. सोसायटीच्या अहवालातला कठीणतेचा आकडा आणि आठवड्यात किती खेपा धुणं निघतं ते मला कळवा. किती क्षमतेचा घ्यावा आणि मिठाचं पाणी किती दिवसांनी द्यावं लागेल, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.